आपल्यापाशी काय अडलंय?

पुण्यातल्या जुन्या गल्ल्यांच्या तोंडाशी पदपथावर एक लोखंडी पेटी उभी असते. टेलिफोन खात्यातली माणसं तिला पिलर म्हणतात. 'खोली भाड्याने देणे आहे', 'घरगुती डबा मिळेल' आणि एखाद्या भावी नगरसेवकाचा हसरा चेहरा, असं सगळं तिच्या अंगावर चिकटलेलं असतं. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण तिच्या शेजारी एखादी नवी पेटी बसली, की गल्लीत बातमी फिरते. फायबर आलं! दुसऱ्या दिवसापासून दूध आणायला निघालेला माणूससुद्धा तिकडे एक नजर टाकून जातो. पेटी बसली, आता घरात कधी? कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "होऊन जाईल, साहेब." कधी, ते मात्र सांगत नाही. सांगणार तरी कसं? पुढचं सगळं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं.

लोक उगाच घायकुतीला येत नाहीत. तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटची एक खोड आहे. एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका वेग कमी. त्यात एखादा जुना जोड गंजला, पावसाचं पाणी आत गेलं, की लाइन खरखरायला लागते. 2004 साली सरकारने ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा सेकंदाला किमान 256 किलोबिट एवढा वेग पुरेसा धरला होता. 2023 मध्ये ती मर्यादा 2 मेगाबिटवर नेली, म्हणजे 2004 च्या मानाने साधारण आठपट. आणि घरात बघावं तर आईची मीटिंग, मुलाचा क्लास आणि आजीचा सिडनीतल्या नातवाशी व्हिडिओ कॉल, तिन्ही एकाच वेळी चालू. नातू मध्येच तोंड उघडं ठेवून थिजतो. आजी बोलत राहते. अशा घराला चांगली लाइन हवी असेल, तर त्यात चैन कसली?

गंमत म्हणजे, फायबर या शहराला मुळीच नवं नाही. देशात दोन टेलिफोन एक्स्चेंजना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा 1979 साली सुरू झाली, ती पुण्यात. त्याच्या तेरा वर्षं आधी, 1966 मध्ये, चार्ल्स काओ या संशोधकाने इंग्लंडमध्ये हिशेब मांडला होता, की काच पुरेशी शुद्ध केली तर केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाचे संदेश कित्येक किलोमीटर नेता येतील. तेव्हाच्या तंतूत प्रकाश वीसेक मीटरमध्येच जवळजवळ संपून जायचा. चारच वर्षांनी, 1970 मध्ये, अमेरिकेत तसा शुद्ध तंतू तयार झाला. काओ यांना या कामाचं नोबेल मात्र 2009 मध्ये मिळालं. म्हणजे कागदावरच्या हिशेबापासून पुण्याच्या एक्स्चेंजपर्यंत फायबर तेरा वर्षांत पोचलं. एक्स्चेंजपासून आपल्या दारापर्यंत यायला त्याला जवळजवळ तिप्पट वेळ लागला. काही दारांत तर ते अजून यायचंच आहे.

असं का व्हावं? मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालून हजारो किलोमीटर लांबीच्या केबल येऊन लागतात. समुद्रात वाटेत कुणाची गच्ची नसते. गल्लीतल्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मात्र पावलापावलाला कुणाला तरी विचारावं लागतं. रस्ता खोदायचा तर महापालिकेच्या पथ विभागाची परवानगी हवी. पावसाळा तोंडावर आला की खोदाई थांबते. पालखी यायच्या आधी, गणपती बसायच्या आधी रस्ता धड झालेला हवा. इमारतीत शिरायचं तर सोसायटीचं पत्र हवं. तार कुठून न्यायची, भोक कुठल्या भिंतीला पाडायचं, नुकत्याच दिलेल्या रंगाचं काय, यावर सर्वांचं मत घ्यायला हवं. खरं काम त्या मानाने किती लहान! काचेच्या तंतूची दोन टोकं पुसायची, अगदी सरळ कापायची आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. विजेचा बारीक जाळ निघतो आणि दोन्ही टोकं वितळून एक होतात. जिन्याच्या पायरीवर बसून एखादा पंचविशीतला मुलगा हे काही मिनिटांत करतो.

पण तो पायरीवर बसायच्या आधी विचारतो, "गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?" किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे असते. काका मुलीकडे बाणेरला गेलेले असतात. फोन लावला तर म्हणतात, "संध्याकाळी बघू." संध्याकाळी त्या मुलाला हडपसरला दुसरं काम असतं. मग पुढचा शनिवार. त्या शनिवारी पाऊस. अख्खी इमारत पंधरा दिवस मागे जाते. हे काका वाईट आहेत का? अजिबात नाही. गणपतीची वर्गणी सर्वांत आधी त्यांची येते. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर गाडी तेच काढतात. त्यांनाही फायबर हवंच आहे. उलट, कंपनी किती दिरंगाई करते यावर त्यांचं रोज सकाळी बागेत व्याख्यान असतं. आपल्या खिशातल्या किल्लीपाशी वीस घरं अडली आहेत, एवढंच त्यांच्या ध्यानात येत नाही.

मला वाटतं, आपण सगळेच थोडेथोडे हे काका असतो. आपण ज्याची वाट पाहतो ते रात्रंदिवस डोळ्यांपुढे असतं. आपल्यामुळे कोण खोळंबलंय, ते मात्र दिसत नाही. दिसणार कुठून? वाट पाहणारा माणूस समोर उभा नसतो. तो त्याच्या घरी फोनकडे बघत बसलेला असतो. आपल्या लेखी ती एक सही असते, एक कागद असतो, 'बघून कळवतो' असं म्हटलेलं एखादं वाक्य असतं. त्याच्या लेखी पुढचं सगळं काम त्यावर अडलेलं असतं.

ज्यांनी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून काढली, त्यांना याच्या उलटची एक गोष्ट नक्की आठवत असेल. जास्तीचे पैसे भरून लवकर फोन मिळवायच्या ओवायटी योजनेत नाव घालणारे थोडे. बाकीचे रांगेत. तेव्हा लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर सरळ शेजाऱ्यांचा नंबर दिलेला असायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.'. फोन एका बिऱ्हाडात, पण निरोप अख्ख्या वाड्याचे. रात्री नवाला ट्रंक कॉल यायचा. पलीकडे कुणीतरी नागपूरहून बोलत असायचं आणि त्याचा तीन मिनिटांचा हिशेब चालू झालेला असायचा. फोनवाल्यांच्या घरचा मुलगा जेवणावरून उठून खरकट्या हातानेच जिना उतरायचा, चौक ओलांडून हाक द्यायचा, "काकू, फोन!" काकू धावत येईपर्यंत त्या घरातली माणसं रेडिओ बारीक करायची, खुर्ची पुढे सरकवायची. रोज उठून हे करताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडत नसतील असं नाही. पण हाक आधी, आठ्या नंतर. त्या घराने कुणाला पैसे दिले नाहीत की कुणाची नोकरी लावून दिली नाही. आलेला निरोप त्यांनी आपल्यापाशी थांबवून ठेवला नाही, एवढंच. पण वाड्यातल्या किती लग्नांचे होकार आणि किती मुलांच्या निकालांच्या बातम्या त्या एका जिन्यावरून वेळेवर खाली उतरल्या असतील!

कळवायला किती उशीर चालेल, याचा सरकारी कचेऱ्यांना निदान नियम तरी असतो. टेलिफोनच्या तारा नेण्याबद्दल केंद्राने 2016 साली जे नियम केले, त्यांत परवानगी देणाऱ्या यंत्रणेला 60 दिवसांची मुदत होती. तेवढ्यात हो किंवा नाही कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. नाकारायचं असेल तर तेही लेखी, कारण देऊन. मला यातली मुदतीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. नकारसुद्धा वेळेवर कळवायला हवा, हे इथे धरलेलं आहे. घरात आपल्याला असा नियम कोण लावणार? त्यामुळे आपले साठ दिवस सहज सहा महिने होतात. भाचीने तिच्या प्रकल्पासाठी जुने फोटो मागितलेले असतात. कामवाल्या मावशींनी मुलीच्या फीसाठी पगारातून उचल मिळेल का, असं दबकत विचारलेलं असतं. शेजारच्या मुलाला आपल्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी कुणाशी तरी बोलून द्यायचं असतं. द्यायचं नसतं असं नाही. मन तर केव्हाच हो म्हणून मोकळं झालेलं असतं. फक्त ते 'हो' समोरच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

ते पोचवायला मोठा संकल्प लागत नाही, वही लागत नाही, ॲप तर नाहीच नाही. सकाळचा चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. एरवी त्या पाच मिनिटांत आपण आपल्या तक्रारींची उजळणी करतो. लाइन आली नाही, गॅसवाला आला नाही, बँकेतून फोन नाही. ती उजळणी चालू द्या, तिने मन हलकं होतं. तिच्याच जोडीला एक प्रश्न स्वतःला विचारायचा. कुणाचं काय माझ्यापाशी अडलंय? बहुतेक दिवशी उत्तर मिळतं. बहुतेक वेळा ते काम दोन मिनिटांचं निघतं, आणि ते केल्यावर आपल्या स्वतःच्या वाट पाहण्याची धारही थोडी बोथट होते, असा माझा अनुभव आहे. राउटरवरचा लाल दिवा त्याने हिरवा होत नाही, हे खरं.

तेव्हा आज घराबाहेर पडण्याआधी फोनमधले गेल्या आठवड्यातले निरोप एकदा वर सरकवून बघा. 'बघून सांगतो', 'उद्या कळवते' असं तुम्ही कुणाला तरी लिहिलं असेल. त्यातलं एक निवडा आणि आत्ताच कळवून टाका. उत्तर 'नाही' असलं, तरी कळवा. त्या माणसाला दुसरीकडे विचारायला आजचा दिवस तरी मिळेल.