दर्पण आणि उधारी

सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यापुरते निघाले. तेथे जनसंज्ञापन शिकणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने परवा विचारले, "गुरुजी, ज्या दुकानदाराच्या भेसळीची बातमी लिहायची, त्याच्याच उधारीवर आमचे घर चालते. लिहू की नको?"

महानगरातला बातमीदार लिहून गर्दीत नाहीसा होतो. ह्याला उद्या त्याच दुकानाची पायरी चढायची असते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले. पण दर्पण धरणारा हातच मिंधा असला तर?

"आधी उधारी फेड, मग लिही," मी म्हणालो.

रात्री वाटले, उधारी फिटायला वर्ष लागेल. तोवर गावाने भेसळ खावी काय? सकाळी निरोप धाडला : त्याचेही म्हणणे ऐक आणि लिही. उधारीचे आपण दोघे पाहू.