तेरावे वर्ष आणि कर्तेपणाचा प्रश्न

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस असलेल्या वेस्टचेस्टर परगण्यात बालपणापासून एकत्र वाढलेले दोन मित्र, निक क्रोल आणि अँड्र्यू गोल्डबर्ग, यांनी मार्क लेव्हिन व जेनिफर फ्लॅकेट या दांपत्याच्या सहकार्याने, आपल्या शाळकरी वयातील लाजिरवाण्या आठवणींच्या आधारे जी विनोदी व्यंगचित्र-मालिका रचली, ती ‘बिग माउथ’ या नावाने २०१७ साली नेटफ्लिक्सवर आली आणि आठ पर्वांनंतर २०२५ साली समाप्त झाली. तिच्यातील भाषा ग्राम्य आहे, प्रसंग कित्येकदा शिष्टतेची सीमा ओलांडून फार दूर जातात, आणि ज्यांना ती पाहवणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. परंतु या ग्राम्यतेच्या आवरणाखाली एक प्रश्न इतक्या निष्ठेने धरून ठेवलेला आहे, की धर्मचिंतनात ज्यांना रस आहे त्यांनी तिकडे पाठ फिरवू नये असे मला मनापासून वाटते.

ब्रिजटन नावाच्या कल्पित गावातील शाळेत निक, अँड्र्यू, जेसी, मिसी, जे ही मुले सातव्या इयत्तेत शिकत आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्याच्या देहात यौवनाची पहिली हालचाल सुरू होते त्याच्यासमोर एक केसाळ, शिंगे असलेला राक्षस येऊन उभा राहतो. अँड्र्यूच्या वाट्याला मॉरी येतो, जेसीच्या वाट्याला कॉनी. हे राक्षस स्वैर भटकणारे नव्हेत. त्यांचे एक रीतसर खाते आहे, दफ्तर आहे, नेमणुका आणि बदल्या आहेत, आणि निकच्या वाट्याला तर प्रथम एक जराजर्जर, कामातून गेलेला राक्षस येतो. दुसऱ्या पर्वात लज्जेचा मांत्रिक प्रकट होतो, खिन्नता एका अवजड मांजराच्या रूपाने जेसीच्या अंगावर येऊन बसते, आणि पुढे चिंता डासाचे रूप घेऊन कानाशी गुणगुणू लागते.

आता प्रश्न असा, की मॉरीने कानात सांगावे आणि अँड्र्यूने करावे, तर त्या कृतीचा कर्ता कोण? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरीने ढकलावे तसा, मनुष्य पाप का करतो? श्रीकृष्ण त्याला काम-क्रोधांचे नाव सांगतात, ते वैरी आहेत असे बजावतात, आणि लगोलग त्या वैऱ्याचे अधिष्ठान इंद्रिये, मन व बुद्धी हेच असल्याचेही सांगतात. म्हणजे वैरी परका खरा, पण त्याचा मुक्काम आपल्यातच. समर्थांनी मनाच्या श्लोकांत मनालाच समोर बसवून उपदेश केला, त्यामागेही हीच जाणीव आहे.

परंतु ही मालिका ज्या मातीतली आहे तिथे या प्रश्नाला अधिक जवळचा वारसा आहे. अँड्र्यू आणि जेसी ही यहुदी कुटुंबांतील मुले. यहुदी धर्माचार्यांच्या परंपरेत मनुष्याच्या ठायी दोन प्रवृत्ती मानल्या आहेत: ‘येत्सेर हा-रा’ ही दुष्प्रवृत्ती जन्मापासूनच सोबत असते, आणि ‘येत्सेर हा-तोव’ ही सत्प्रवृत्ती तेराव्या वर्षी येते, म्हणून पहिली दुसरीपेक्षा तेरा वर्षांनी वडील. त्याच वयात मुलगा धर्माज्ञांना बांधला जातो, आणि त्याचा पिता, या मुलाच्या कर्माच्या जबाबदारीतून आपल्याला मोकळे केल्याबद्दल ईश्वराचे स्तवन करतो. मालिकेने हा क्रम उलटा केला आहे. आचार्यांच्या मते ज्या वयात सद्बुद्धीचा प्रवेश व्हावा, नेमक्या त्याच वयात येथे राक्षस दार ठोठावतो, आणि सत्प्रवृत्तीचा मात्र कोठे पत्ता नसतो.

तरीही तो राक्षस केवळ दुष्ट नव्हे, आणि ही समज मला या मालिकेतील सर्वांत प्रौढ गोष्ट वाटते. यहुदींच्या तालमूद या ग्रंथात एक विलक्षण कथा आहे. लोकांनी प्रार्थना करून वासनेच्या प्रवृत्तीला पकडले आणि तीन दिवस कैदेत ठेवले. मग आजाऱ्यासाठी ताजे अंडे हवे झाले तर सगळ्या देशात एकही मिळेना. ती प्रवृत्ती मारली असती तर सृष्टीच थांबली असती. अखेर तिचे डोळे फोडून तिला सोडून द्यावे लागले. कॉनी जेसीला पुष्कळदा अविचाराकडे नेते, पण जेसीच्या देहाचा तिरस्कार ती कधी करत नाही, आणि आपल्या देहाचा तिरस्कार करू नकोस असे त्या वयाच्या मुलीला सांगणारे माणूस घरात क्वचितच असते.

येथे सांख्यांचे उत्तर कोणी पुढे करील: करते ती प्रकृती, पुरुष केवळ साक्षी. तत्त्व म्हणून ते भव्य आहे. परंतु तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती ते दिले तर तो सर्व दोष प्रकृतीच्या खाती जमा करून मोकळा होईल. यहुदी आचार्यांनी प्रवृत्तीला वेगळे केले ते कर्तेपण काढून घेण्यासाठी नव्हे, तर ते देण्यासाठी. जो समोर उभा आहे त्यालाच नाही म्हणता येते. जो आपल्यात पूर्ण विरघळून गेला आहे त्याला नकार देणार तरी कोण? राक्षसाला चेहरा आणि आवाज मिळाल्यामुळे अँड्र्यूची सुटका होत नाही. उलट त्याला ‘मी ऐकले’ असे म्हणावे लागते. म्हणून ही कल्पना पळवाट आहे हा आक्षेप मला मान्य नाही.

लज्जेच्या बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. सेंट ऑगस्टीनने आपल्या आत्मवृत्तात सोळाव्या वर्षाची हकीकत सांगितली आहे: स्नानगृहात पित्याला पुत्राच्या यौवनाची चिन्हे दिसली तेव्हा तो नातवंडांच्या स्वप्नांनी हर्षभरित झाला, आणि माता मोनिका भयाने कापली. पुढे ‘ईश्वराची नगरी’ या ग्रंथात त्याने लज्जेचे मूळ सांगितले ते असे, की माणसाने ईश्वराची आज्ञा मोडली आणि त्याची शिक्षा म्हणून त्याचा स्वतःचा देह त्याची आज्ञा मानेनासा झाला. मालिकेतील बहुतेक विनोद याच अवज्ञेतून निर्माण होतो. तिच्यातील मांत्रिक मात्र ‘तू वाईट केलेस’ एवढे म्हणून थांबत नाही, ‘तू वाईट आहेस’ असे म्हणतो. मुले एका रात्री शाळेच्या व्यायामशाळेत मुक्कामाला असताना तो एकामागून एक प्रत्येकाला गाठतो, आणि त्याचे सारे बळ याच्यात आहे, की ज्याला त्याला तो आपल्या एकट्याच्याच मागे लागला आहे असे वाटते. हे निरीक्षण खरे आहे आणि ते करणाऱ्यांचे ऋण मानले पाहिजे. पण गीतेने ‘ह्री’ला दैवी संपत्तीत स्थान दिले, बुद्धाने पापाची लाज आणि पापाचे भय यांना जगाचे रक्षक म्हटले, देवीमाहात्म्यात साक्षात देवी सर्व भूतांच्या ठायी लज्जारूपाने वसते असे मानले, त्या लज्जेला या मालिकेत रूप मिळालेले नाही. ती असती तर अँड्र्यूला मांत्रिकाच्या छळाने नव्हे, दुखावलेल्या मैत्रिणीकडे पाहून थांबता आले असते.

पहिल्या पर्वात जेसीचा बात मित्स्वा होतो. आपल्या कर्माची जबाबदारी समाजासमक्ष स्वीकारण्याचा तिचा हा दिवस; आणि नेमके तेव्हा तिला हे ठाऊक असते, की तिच्या आईचे प्रार्थनामंदिरातील गायिकेशी गुप्त संबंध आहेत. जो माणूस जितका मोठा तितकी त्याची दुष्प्रवृत्तीही मोठी, असे तालमूदमधील आचार्य सांगतात. पण हे ज्ञान ते विद्वानांना देत होते. जेसीला ते स्वतःच्या घरात, कोणाच्या मदतीवाचून मिळते, आणि आईवर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे हे ठरवण्यापूर्वीच तिला धर्मग्रंथ वाचण्यासाठी पुढे यावे लागते.