आधी कोन, मग जागा

हिंगणा, नागपूर

चि. सायली,

तू पाठवलेले फोटो पाहिले. इक्सीची, म्हणजे शुक्राणू स्त्रीबीजात सोडायची सुई, तुमची इंजेक्शन पिपेट, बाकाजवळ स्वच्छ दिसते आणि टोकाकडे पुसट होत जाते. सिनियरने सांगितलं, ‘होल्डरमध्ये फिरवून बघ.’ तू फिरवलीस. टोक फोकसमध्ये आलं, पण तिरपं झालं. सरळ केलं की पुन्हा पुसट. दोन्ही एकदम का जमत नाही, असं तू विचारलंस. फोनवर हे सांगता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

तुझ्या शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे कोन कळतो. आमच्या डायलचं एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर, तुमच्या भाषेत १० मायक्रॉन. तुझ्या सुईचं भोक साधारण ५ मायक्रॉनचं, म्हणजे आमच्या अर्ध्या घराएवढं. स्त्रीबीज सुमारे १२० मायक्रॉनचं. आमच्या दुकानात एवढ्या मापाला कोणी विचारलंही नसतं. पण एक अंश म्हणजे तिथेही एक अंशच, मापं लहान झाली म्हणून भूमिती बदलत नाही.

सुई तीन प्रकारे चुकू शकते. होल्डरचा उतार चुकतो, होल्डरची दिशा चुकते, किंवा सुई स्वतःच्या अक्षाभोवती फिरलेली असते. या तिसऱ्या चुकीला मी फिरकी म्हणतो. तुमच्या सुईला साधारण ३० ते ३५ अंशांचा बाक असतो, आपण ३० धरू. होल्डर तेवढाच उतरता लावला की बाकापुढचा भाग डिशच्या तळाला समांतर होतो. उतार एका अंशाने चुकला, तर बाकापुढच्या दर मिलिमीटरला टोक १७ मायक्रॉन वर किंवा खाली जातं. मोठ्या लेन्सखाली फोकसची जाडी जेमतेम काही मायक्रॉन. पुसट दिसणारच.

फिरकी मात्र वेगळी वागते. सुई १० अंश फिरली, तर टोक ५ अंश तिरपं दिसतं, म्हणजे मिलिमीटरला ८७ मायक्रॉन बाजूला. खाली मात्र ते फक्त ६–७ मायक्रॉन उतरतं. आणि डावीकडे फिरव की उजवीकडे, उतरतं ते खालीच, कारण बरोबर बसलेल्या सुईचं टोक आपल्या फेऱ्यातल्या सगळ्यात उंच जागी असतं. त्या जागेच्या आसपास थोडं इकडेतिकडे झालं तर उंचीत फरक जाणवत नाही. म्हणून फोकस बघून फिरकी बसवायची नाही. फिरकी बसवायची ती तिरपेपणा बघून.

आता तुझं कोडं सुटतं बघ. तुझ्या होल्डरचा उतार एका अंशाने कमी असावा, म्हणून टोक वर उचललेलं. तू सुई फिरवलीस, टोक खाली आलं, फोकसमध्ये बसलं. पण ती एका अंशाची चूक झाकायला सुई सोळा अंश फिरवावी लागते आणि मग टोक आठ अंश तिरपं होतं. चूक गेली नाही, दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. ‘फिरवून बघ’ हा सल्ला अर्धवट आहे. काय बघायचं ते सांगितलं नाही, तर तो शिकणाऱ्याला नादी लावतो. आमच्या दुकानातही असे उस्ताद होते.

विश्वास बसत नसेल, तर सायकलचा जुना स्पोक घे. टोकाकडचा दोन इंच भाग ३० अंशांत वाकव, उरलेला दांडा तेवढाच उतरता धर आणि बोटांत फिरवून वरून बघ. कागदावरच्या आकड्यांपेक्षा हे लवकर पटतं. मीही आधी स्पोकच वाकवला, गणित नंतर केलं.

आठ अंशांनी बिघडतं काय? जॉयस्टिक सुईला समोर नेते, पण सुईचं तोंड भलतीकडे. आठ सोड, पाच अंश धर. बीजाच्या कडेपासून मध्यापर्यंत ६० मायक्रॉन आत जाताना सुईचा बाकापुढचा भाग बीजाला पडलेल्या छिद्राला ५ मायक्रॉन बाजूला ओढतो, म्हणजे छिद्राच्याच रुंदीइतका. टोचणं राहिलं बाजूला, ते चिरणं झालं. बीज, त्याला धरून ठेवणाऱ्या होल्डिंग पिपेटवरून, वळतं ते वेगळंच. जॉयस्टिक कितीही हळू चालव, ती जागा बदलते, कोन नाही.

तेव्हा हात लावायच्या आधी ओळख पटव. छोट्या लेन्सखाली दांडा आणि टोक दोन्ही बघ. दांड्यासकट सगळीच सुई तिरपी असेल, तर होल्डरची दिशा चुकली. दांडा सरळ आणि बाकापुढचाच भाग तिरपा असेल, तर फिरकी. सरळ दिसतंय पण टोक पुसट, तर उतार. अजून एक चोर असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही: कॅमेरा. तो जरा फिरलेला बसला, तर पडद्यावर सगळंच तिरपं दिसतं आणि बिचाऱ्या सुईला दोष लागतो. डिशमधला एखादा कण धरून स्टेज फक्त डावी-उजवी सरकव. कण पडद्यावर तिरपा चालला, तर आधी कॅमेरा सरळ कर.

मग दिशा, त्यानंतर फिरकी, शेवटी उतार, या क्रमाने जा. उतार होल्डरच्या मोजपट्टीवर बदल. फिरकीसाठी सुई धरणारं कॉलेट किंचित सैल करून सुई फिरव आणि आवळल्यावर पुन्हा बघ, कारण आवळताना ती थोडी फिरतेच. कॉलेट आवळलं म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांचेच जॉब आमच्याकडे परत यायचे. आणि प्रत्येक वेळी एकाच बाजूने फिरवत जागेवर आण. मागेपुढे केलंस, तर स्क्रूमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तुला फसवेल.

फिरवणं मुळात वाईट नाही. फिरवून चूक शोधायची युक्ती आमच्या लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये रोजची होती. जॉब पूर्ण फिरवून डायलवर २० घरं फरक आला, तर जॉब १० घरं सरकवायचा, अर्धाच. भूमापनाच्या थिओडोलाइटमध्येही वर्तुळ समोरासमोरच्या दोन ठिकाणी वाचून सरासरी घेतात, म्हणजे मध्य सरकल्याची चूक कापली जाते.

थिओडोलाइटवरून विल्यम लॅम्ब्टन आठवला. दक्षिणेकडून भारत मोजत येणारा हा माणूस. अर्ध्या टनाचा त्याचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळला आणि कोन मोजायचं वर्तुळच वाकलं. नवं यंत्र विलायतेहून यायला किती काळ लागला असता! त्याने तंबूत बसून, कित्येक आठवडे खपून, ते वर्तुळ स्वतः पुन्हा गोलाईत आणलं आणि पुढे त्याच यंत्राने मोजणी चालू ठेवली. नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये तो वारला. कबर आपल्या शेजारी वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांची सहल तिथे जायला हवी, असं मी कित्येकांना सांगून पाहिलं.

आता तुझ्या शास्त्राकडे वळतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली, तेव्हा शुक्राणू सुईने आत सोडण्याची ही पद्धत जगात कुठेच यशस्वी झालेली नव्हती. ब्रुसेल्सच्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी तिच्या पहिल्या गर्भधारणा १९९२ मध्ये जाहीर केल्या. म्हणजे तुझं कसब माझ्या टूलरूममधल्या बऱ्याच मशिनींपेक्षा तरुण आहे आणि त्यातले उस्ताद अजून घडताहेत. टेबलावर येणारं बीज मात्र एखाद्या बाईने इंजेक्शनं, भूल आणि पैसा सोसून दिलेलं असतं. सराव त्यावर नको. मोडक्या सुया आणि पाण्याची डिश घेऊन कर, लॅब रिकामी असेल तेव्हा.

पुढच्या वेळी फोटो पाठवशील, तेव्हा छोट्या लेन्सखालचा दांड्यासकट पाठव आणि होल्डर किती अंशांवर आहे ते खाली लिही. नुसत्या टोकाच्या फोटोवर मी काही सांगणार नाही.

तुझा,
मोठेबाबा