पंढरीची पेठ आणि वारकऱ्याचे देणे



गेल्या कार्तिकीला पंढरपुरी एका मठात सेवा झाली. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पाया पडून निघाली, आणि एक तीस-बत्तीस वर्षांचा गृहस्थ मात्र खांबाशी उभा राहिला. त्याचे महाद्वाराच्या बाजूस कुंकू-बुक्क्याचे लहानसे दुकान. तो म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो. आजोबांपासून आमचं घर वारकऱ्यांवर चाललंय. तुम्ही सांगता, तीर्थात आल्यावर लोभ धरू नये. बाकीचे लोक दोन दिवस येतात आणि जातात. आम्ही तीर्थातच राहतो आणि रोज गल्ल्यावर बसतो. मग आमचं काय होणार? वर आता जो तो सांगतो, पर्यटन वाढवा, गाव सुधारेल. ऐकून बरंही वाटतं आणि भीतीही वाटते."

मी त्याला चार शब्द सांगून वाटेला लावले. पण रात्री पडल्यावर मला माझेच उत्तर अपुरे वाटू लागले. प्रश्न एका दुकानदाराचा नव्हे, पंढरीला येणाऱ्या आपणा सर्वांचा आहे. म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम शब्दांचा विचार करू. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरणे या धातूपासून आला. जेथून तरून पलीकडे जाता येते ते तीर्थ. 'पर्यटन' म्हणजे परि अधिक अटन, चहूकडे हिंडणे. पुष्कळांना वाटते की पर्यटन हा शब्द आमच्या शत्रुपक्षाचा. पण आपण ज्याला तीर्थाटन म्हणतो त्यातही तेच 'अटन' आहे ना? पाय दोघांचेही चालतात. एक नवे पाहण्यासाठी चालतो, दुसरा भेटण्यासाठी. आणि वारी म्हणजे तर तेथेच पुन्हा पुन्हा जाणे. ज्याला केवळ पाहायचे आहे तो एकदा पाहून दुसरे गाव धरील. वारकरी दरसाल त्याच वाटेने त्याच दारी येतो. हा भेद ध्यानात ठेवावा, पुढे तो कामी येईल.

आता पूर्वपक्ष. कोणी म्हणेल, तीर्थात बाजार नसावाच. देवाच्या दारात नफा कसला? पुराणे सांगतात की अन्य ठिकाणी केलेले पाप तीर्थात नाहीसे होते, पण तीर्थात केलेले पाप वज्रलेप होऊन बसते. ज्या गावाचा धंदाच यात्रेकरूवर चालतो, त्या गावाने हा लेप रोज अंगी लावून घ्यायचा काय?

याचे उत्तर आपल्या संतांच्या घरी पाहावे. नामदेवराय शिंप्याच्या कुळातले, गोरोबाकाका मडकी घडवीत, सावतोबा अरणात मळा शिंपीत, नरहरी महाराजांचा सोनारकीचा धंदा, सेना महाराजांच्या हाती वस्तरा. तुकोबारायांच्या घरी तर पेठेची महाजनकी आणि दुकान होते. १६३० च्या सुमाराचा घोर दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. घरातल्या खतांपैकी आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली आणि भावाच्या वाट्याची भावाला दिली, असे परंपरा सांगते. येथे थोडे थांबून पाहा. त्यांनी ऋणकोच्या मानेवरचे ओझे बुडविले, भावाच्या पोटाची सोय बुडविली नाही. संतांना धंद्याचा विटाळ नव्हता. दुसऱ्याच्या अडचणीवर वाढणाऱ्या धनाचा विटाळ होता.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार आणि जाजली यांचा संवाद आहे. जाजली मोठा तपस्वी. इतका निश्चळ उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली, तरी हा हलला नाही. त्याला अभिमान झाला. तेव्हा त्याला कळले की वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी तुला अजून येत नाही. जाजली शोधीत गेला. पाहतो तर तुलाधार दुकानात बसून रस, गंध आणि वनस्पती विकतो आहे! तुलाधाराने त्याला सांगितले ते इतकेच की माझा तराजू सर्वांना सारखा आहे, माल घेताना आणि देताना मी कपट करीत नाही, मद्य मी विकत नाही. तपस्व्याला धर्म कोणी शिकविला? गंध विकणाऱ्या वाण्याने. आमचा बुक्केवाला गृहस्थ तरी दुसरे काय विकतो?

तात्पर्य, तीर्थात दुकान असणे हे पाप नव्हे. परीक्षा तराजूची आहे. आणि तीर्थातल्या तराजूची परीक्षा अधिक कठीण आहे, याचे कारण सांगतो. गावच्या बाजारात गिऱ्हाईक आठवड्याने परत येते. फसले तर दुसरे दुकान धरते. यात्रेकरू दमलेला असतो, अनोळखी असतो, एकादशीच्या रात्री त्याला जाण्यास दुसरी जागा नसते. त्याची ही अगतिकता हेच तेथले मोठे प्रलोभन. एका आषाढीला आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला पावसात निवारा हवा होता. एका जागी त्यांच्याकडून एका रात्रीचे इतके घेतले की परतीच्या गाडीभाड्याला वर्गणी करावी लागली. त्या मालकाने चोरी केली असे कोणते न्यायालय म्हणेल? त्याने भाव सांगितला, त्यांनी दिला. पण समोर दाता नव्हता, अडलेला होता. तैत्तिरीय उपनिषदात आचार्य शिष्याला घरी पाठविताना अतिथीला देव मानावयास सांगतात, ते अशा रात्रीसाठीच. तसेच तुळशीची म्हणून दुसऱ्याच काष्ठाची माळ गळ्यात घालणे. घेणारा ती जन्मभर वागवील आणि शेवटी तिच्यासह चितेवर जाईल. त्याला कधी कळणारही नाही. न कळणाऱ्याला फसविणे, हेच ते वज्रलेपाचे पाप.

हे झाले पेठेचे. पण वाचकहो, आजवर आम्ही कीर्तनकारांनी पेठेला पुष्कळ उपदेश केला. वारकऱ्याला कोणी सांगितले नाही की तुझेही पंढरीला काही देणे लागते. ते मला फार उशिरा कळले. कसे कळले ते लाज न धरता सांगतो.

पंढरपूर हे एरवी लाखभर वस्तीचे गाव. आषाढीला त्यात कित्येक लाख माणूस येऊन उतरते. चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी या चार यात्रा म्हणजे त्या पेठेचे चार सुगीचे हंगाम. १९०६ साली कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी पंढरीस आली, १९२७ साली तीच पुढे मिरजेला पोचली, आणि यात्रा वाढत गेली. घरोघरी यात्रेकरू उतरविण्याची रीत पडली. लोक ओसरी देत, स्वतः माळ्यावर निजत. दुकानदार हंगामाआधी उधारीने माल भरतो आणि यात्रेनंतर फेडतो. शेतकऱ्याचा पाऊस आणि यांची यात्रा, एकच.

मग २०२० साल आले. १ जुलैच्या आषाढीला गावात संचारबंदी. संतांच्या पादुका एस्‌. टी.च्या गाडीतून आल्या. वाळवंटात चिटपाखरू नव्हते. २०२१ ची आषाढीही तशीच गेली. आम्ही घरी बसून रडलो की यंदा वारी चुकली. खरे रडलो, त्यात खोटे नाही. पण आमच्या रडण्यात पेठ नव्हती.

महाद्वाराच्या रस्त्यावर एक बाई जमिनीवर पोते टाकून माळा विकीत बसत. माळ घालणाऱ्या नव्या मंडळींसाठी मी दरसाल त्यांच्याकडून जुडगाभर माळा घेई, आणि दरसाल भाव करी. "बाई, अहो धर्मकार्याला न्यायच्या आहेत, जरा कमी करा." त्या कमी करीत. मला वाटे, आपण दिंडीचे पैसे वाचविले. २०२१ च्या कार्तिकीला यात्रा पुन्हा भरली. गेलो, तर त्या जागी त्यांची सून. सासूबाई वारल्या होत्या. मी विचारले, "दोन वर्षं कसं केलंत?" सून म्हणाली, "मणी होते घरात, पण विकायचे कुणाला महाराज? आत्याबाई रोज माळ ओवायच्या आणि संध्याकाळी उसवायच्या. म्हणायच्या, हात बसला तर बोटं विसरतील." मग तिने माळांचे जुडगे पुढे केले आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "तुमचा कमी भाव मला ठाऊक आहे. तोच लावते."

माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या निरूपणाने मला जे शिकविले नाही, ते त्या एका वाक्याने शिकविले. तुलाधाराचा तराजू मी हजार वेळा गायिलो, पण बाजारात जाजली होऊनच उभा राहिलो. धर्मकार्याच्या नावाने मी त्या बाईच्या पोटातले काढून माझ्या पुण्याच्या पेटीत टाकीत होतो. पुरा भाव दिला, पण तो सुनेच्या हाती. जिचे देणे होते ती ते घ्यायला उरली नव्हती.

म्हणून सांगतो, वारकऱ्याचे पहिले देणे म्हणजे रास्त भाव. मोठ्या उपाहारगृहात आपण पाटी वाचून मुकाट्याने पैसे देतो, आणि पोत्यावर बसलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी भांडतो. हे उलटे झाले पाहिजे. दुसरे देणे, माल कोठला ते विचारणे. हळदीला लिंबाचा रस आणि खार देऊन कुंकू करणारे हात, बुक्का कुटणारे, चुरमुरे-लाह्या भाजणारे, तुळशीच्या काड्यांचे मणी करणारे, हे सारे त्या क्षेत्राचे लोक आहेत. त्यांच्या हातचे घेतले तर आपला रुपया दुकानातून कारागिराकडे, त्याच्याकडून आसपासच्या तुळशीच्या मळ्यात, तेथून किराण्याच्या दुकानी असा गावातच चार घरे फिरतो. लांबच्या कारखान्यातले रंगीत प्लास्टिक घेतले तर तो आला त्याच वाटेने गावाबाहेर जातो. तिसरे देणे चंद्रभागेचे. आपण स्नान करून पवित्र होतो आणि मागे पत्रावळी, कपडे आणि घाण टाकून जातो. ती उचलणाराही कोणाचा तरी मुलगा आहे. यजमानाचे अंगण घाण करणारा अतिथी कोणत्या शास्त्रात देव म्हटला आहे?

आता गावाने काय करावे? पर्यटन वाढवा म्हणतात, त्याला माझी ना नाही, पण वाढ कोणती ते पाहावे. आषाढीला आणखी माणूस आणून काय करणार? ते गाव त्या दिवसांत आधीच फुटायला आलेले असते. रिकामे महिने भरावेत. मार्गशीर्षात देव विष्णुपदी असतो अशी श्रद्धा आहे, तेव्हा माणसे बोलवावीत. गोपाळपूर दाखवावे, कैकाडी महाराजांचा मठ दाखवावा. चोखोबांचे मंगळवेढे जवळ, सावतोबांचे अरण याच जिल्ह्यात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून ज्या गावात उपोषण केले, ते गाव नुसते पाहायला आलेल्या माणसालाही पुष्कळ सांगू शकते. आलेल्याला दोन दिवस नीट राहू द्यावे. खोलीचे दर यात्रेतही पाटीवर लिहावेत. पाहायला आलेला माणूस अशा वागण्याने उद्या भेटायला येऊ लागेल. पर्यटकाचा वारकरी व्हायला याहून सोपी वाट मला दिसत नाही.

२०२२ पासून मंदिराभोवतीचे रस्ते रुंद करण्याची आणि मोठा मार्ग काढण्याची चर्चा पेठेत सुरू झाली, तीत विरोधाचे सूरही पुष्कळ निघाले. गर्दीत माणूस चेंगरू नये, म्हातारीला श्वास घेता यावा, हे कोणाला नको? तो पक्ष खरा आहे. पण दुसराही पक्ष खरा आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओसऱ्या दिल्या आणि माळा ओविल्या, त्यांना उठवून जर रुंद रस्त्यावर मोठी दुकानेच बसणार असतील, तर वाट मोठी होईल आणि पेठ परकी होईल. घरमालकाला नुकसानभरपाईचा कागद तरी मिळतो. पोत्यावर बसणाऱ्याच्या नावाचा कागदच नसतो. वाट रुंद करताना आधी त्याची जागा ठरवावी, मग मोजणीचे फीत लावावे. रस्त्याची गरज खरी म्हणून या देण्यातून सुटका होत नाही.

असो. त्या दुकानदार गृहस्थाला द्यायचे राहिलेले उत्तर हे असे आहे. बाबा रे, गल्ल्यावर बसण्याचे भय धरू नकोस. जे गिऱ्हाईक पुन्हा कधी दिसणार नाही असे तुला वाटते, त्याला ज्या दिवशी तू ओळखीच्या माणसासारखा तराजू धरशील, त्या दिवशी तुझे दुकान जाजलीच्या तपाहून उणे राहणार नाही. आणि तुला मिळणारा रास्त भाव ही आमची मेहेरबानी नव्हे, ते आमचे देणे आहे. येत्या वारीला मी तुझ्या दुकानी येईन. मी भाव करू लागलो, तर हा लेख माझ्यापुढे धर.

रामकृष्णहरि.