बिऱ्हाडाचा प्रश्न

विद्येसाठी परदेशातील एखाद्या महानगरी गेलेला विद्यार्थी तेथे रुळला की नाही, हे आपण सर्वजण मोठ्या आस्थेने विचारतो. अन्न मानवले काय, थंडी सोसते काय, चार माणसे जोडली गेली काय, अशी चौकशी होते. आणि तो रुळला नाही असे कळल्यास दोष त्याच्या स्वभावावर टाकून आपण मोकळे होतो. परंतु ही चौकशी अर्धीच आहे, असे आम्हांस अलीकडे आलेल्या एका पत्रामुळे वाटू लागले आहे. त्या पत्राकडे वळण्यापूर्वी या प्रश्नाचे दोन्ही अर्ध वेगळे करून पाहणे बरे.

पहिला अर्ध येणाऱ्याचा. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे त्या निघण्यापूर्वी भरसभेत सांगून गेल्या होत्या. फिलाडेल्फियास राहताना त्यांनी नऊवारी लुगडे सोडून गुजराथी धाटणीची साडी पत्करली. मांसाहार मात्र पत्करला नाही. आपल्या आचारात सवय कोणती व व्रत कोणते, याचा निवाडा त्यांचा त्यांनाच करावा लागला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांचा प्रत्येक निवाडा योग्य होता की नाही, याविषयी मतभेद होऊ शकेल. पण तो निवाडा करण्याचा अधिकार त्यांचाच होता, याविषयी होऊ नये.

दुसरा अर्ध गावाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात ते उतरले, परंतु तेथील जेवण त्यांना मानवेना. पुढे नवल भथेना या पारशी स्नेह्यासह ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. नवख्या विद्यार्थ्याच्या वाट्यास येणाऱ्या सर्व अडचणी त्यांच्याही वाट्यास आल्या. तथापि त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. १९१७ साली ते मायदेशी परतले आणि नोकरीसाठी बडोद्यास गेले. तेथे पारशी पथिकाश्रमात पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आश्रय मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हजारो मैलांवरच्या शहरात ज्यास खोली मिळाली, त्यास आपल्याच देशात ती मिळू नये, तर परका प्रदेश कोणता म्हणावा?

येथे कोणी म्हणेल की, पाश्चात्त्य शहरे तरी कोठे निर्मळ होती? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कातडीचा रंग पाहून बिऱ्हाडकरूस परत पाठविणारे घरमालक इंग्लंडात इतके होते की, १९६८ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. परंतु दुसऱ्याचे दार बंद होते म्हणून आपले दार उघडे ठरत नाही. आणखी कोणी म्हणेल की, आपल्या घरात कोणास ठेवावे हा ज्याचा त्याचा अधिकार होय. असेल, भाडे वेळेवर येईल काय, वर्तन नीट राहील काय, हे विचारण्याचा अधिकार आम्हीही मानतो. पण आडनाव ऐकून जो निर्णय होतो, त्यात समोरच्या माणसाविषयी काहीच विचारलेले नसते.

आता त्या पत्राविषयी. आमचा एक जुना विद्यार्थी, अकोले तालुक्यातील डोंगरी गावचा, सध्या लंडनला शिकत आहे. तो लिहितो : ‘खोली पाहावयास गेलो तेव्हा आडनाव विचारले तर काय सांगावे, याची मी वाटेत तयारी केली होती. बाईंनी ते विचारले. पण पावतीवर नीट लिहिता यावे एवढ्यासाठीच. त्या रात्री मला थंडीने झोप आली नाही, तरी मी सुखात होतो.’

हा मुलगा प्रथम नगरास शिकावयास आला, त्या वर्षी आमच्या माडीवरची खोली रिकामी होती. तो विचारावयास आला होता. आम्ही त्याचे आडनाव विचारले, आणि ते ऐकल्यावर खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे, असे सांगितले. त्या वर्षी पाहुणे कोणी आले नाहीत. वर्गात मात्र आम्ही त्यास समतेवरील निबंध शिकविले आणि त्याने ते मन लावून ऐकले.

पत्रात त्या प्रसंगाचा उल्लेख नाही. ‘लंडनमध्ये रुळलास काय?’ असे आम्हीच त्यास पूर्वी विचारले होते, त्याचे हे उत्तर आहे. येणारा आपल्या अर्ध्याचे ओझे वाहतोच. त्यास दुसरा मार्ग नसतो. गावाने उचलावयाचा अर्ध त्या मानाने अगदी हलका आहे, म्हणूनच तो न उचलण्यास सबब उरत नाही. या पत्राचे उत्तर आम्ही अद्याप धाडलेले नाही. ते लिहावयाचे तर प्रथम माडीवरच्या त्या खोलीविषयी लिहावे लागेल, आणि तेथेच लेखणी अडते.