तेवढ्यात

न्यूरेंबर्गला लांब तलवार शिकायला लागले, तेव्हा पहिले कित्येक आठवडे मी नुसते वार अडवत होते. समोरून वार आला की माझी तलवार आडवी. खणकन आवाज व्हायचा, वाटायचं, वाचले. तेवढ्यात दुसरा वार मास्कवर बसलेला असायचा. सर म्हणाले, "तू त्याची तलवार अडवतेस. त्याला कुठे अडवतेस?"

ही विद्या चौदाव्या किंवा पंधराव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअरची. त्याची पद्यं मुद्दाम गूढ ठेवलेली; आपल्याकडे सूत्रांवर भाष्यं लिहितात तशी पुढच्यांनी त्यांवर ती लिहिली. १४५२ सालची अशी एक पोथी आज रोममध्ये आहे. नुसतं अडवत बसण्यापासून जपा, असं ही परंपरा बजावते. अडवणाऱ्याचं टोक भलतीकडे गेलं, तर समोरच्याला धाक कशाचा?

म्हणून 'नांगर' नावाच्या पवित्र्यात मूठ कमरेशी आणि टोक सतत त्याच्या चेहऱ्याकडे. वार आला की मूठ वळवून पुढे पाऊल टाकायचं. त्याचं पातं बाजूला सरतं, त्याच हालचालीत आपलं टोक त्याच्या छातीला लागतं. बचाव आणि प्रतिहल्ला असे दोन वेगळे ठोके नाहीतच.

हे मला कळलं ते पात्याला पातं भिडलं तेव्हा. मुठीजवळचं पातं बळकट, टोकाकडचं दुबळं. समोरचा रेटतोय की सैल पडलाय, हे हाताला जाणवावं लागतं. रेटत असेल तर पातं वर उचलून दुसऱ्या बाजूने वार. सैल असेल तर सरळ टोक.

मी येवल्याची. तिथेही संक्रांतीला गच्चीवर पतंगांचा पेच लागला की समोरचा खेचतोय की ढील देतोय, हे पतंगाकडे न बघता बोटातल्या मांज्यावरून कळायचं. भाऊ मांजा गुंडाळायची आसारी धरून ओरडायचा, तोवर माझी ढील सुटलेली असायची.

या विद्येत 'इंडेस' असा एक शब्द आहे. आधी आणि नंतर यांच्या मधला तो क्षण. मी त्याला 'तेवढ्यात' म्हणते. परवा एकदा समोरचं पातं सैल पडल्याचं जाणवलं आणि विचार करायच्या आत माझं टोक त्याच्या जाकिटावर होतं. पुढच्याच डावात मी पुन्हा घाबरून तलवार आडवी धरली आणि मास्कवर वार खाल्ला. पण एक 'तेवढ्यात' तरी माझा होता.