गमनाचा धनी

सिल्लोडच्या बाजारपेठेत, छत्रपती संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला, दोन ओळखीची माणसे भेटली म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न 'कसं चाललंय?' हाच असतो. आणि हॉलंड, जर्मनी व लक्झेंबर्ग या मुलखांतील माणसेही 'खान', 'गेएन', 'गोएन' या एकाच कुळातल्या क्रियापदांनी परस्परांचे कुशल विचारतात. आमच्याकडे मरणाची वार्तादेखील 'आजोबा गेले' अशीच येते, आणि उंबरठा ओलांडणारा पाहुणा 'जातो' हा शब्द कटाक्षाने टाळून 'येतो' म्हणतो. जगणे, मरणे, निरोप घेणे या साऱ्यांचा भार ज्या क्रियेवर टाकला, त्या क्रियेचा कर्ता, म्हणजे हा जाणारा, नेमका कोण?

हा प्रश्न बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने सुमारे दुसऱ्या शतकात 'मूलमध्यमककारिके'च्या गमनविषयक प्रकरणात विलक्षण निष्ठुरतेने तपासला आहे. जी वाट चालून झाली तिच्यावर आता चालणे नाही. जी चालावयाची आहे तिच्यावर ते अद्याप नाही. आणि या दोहोंना वगळून 'आता चालली जाणारी' अशी तिसरी वाट शोधू गेल्यास ती हाती लागत नाही. बरे, गमनावाचून जाणारा सिद्ध होत नाही आणि जाणाऱ्यावाचून गमन सिद्ध होत नाही. जाणारा आधीच जाणारा असून पुन्हा जातो म्हणावे, तर एका माणसाच्या पदरी दोन गमने येतात. पुष्कळांना हा शब्दच्छल वाटतो. मला तसे वाटत नाही. कारण नागार्जुन नाकारतो ते चालणे नव्हे, तर चालण्याच्या मागे स्वतंत्रपणे उभा असलेला धनी.

तहसील कचेरीत 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वहिवाटीच्या रस्त्याचे दावे चालतात, ते या संदर्भात मननीय आहेत. बांधावरची पायवाट एकाने काटे टाकून अडविली, की दुसरा अर्ज करतो, अंमलदार जागेवर येऊन पंचनामा करतो. जमीन कोणाच्या नावावर आहे एवढ्यावर निकाल लागत नाही, तर तेथून बैलगाड्या, औते आणि माणसे पूर्वापार जात होती काय, हेही पाहावे लागते. गमनामुळे वाट आणि वाटेमुळे गमन, असे हे परस्परावलंबन नागार्जुनाला ज्या अर्थाने अभिप्रेत होते, त्याच्या फार जवळचे आहे.

अजिंठ्याचा घाट उतरून गेल्यावर वाघूर नदीच्या वळणावर जी लेणी लागतात, त्यांचा उगमही गमनाशीच जडलेला आहे. भिक्षूने एरवी चारिका करीत फिरावे आणि पावसाळ्यात मात्र एका ठिकाणी वर्षावास करावा, असा संघाचा नियम होता. त्या मुक्कामाच्या गरजेतून विहारांची परंपरा वाढली. पाचव्या शतकातील सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर बुद्धाचे महापरिनिर्वाण कोरलेले आहे. पंचेचाळीस वर्षे पायी हिंडून उपदेश करणारा तो पुरुष उजव्या कुशीवर पहुडला आहे. तळाशी शिष्य शोकाकुल होऊन बसले आहेत आणि वर देवगण हर्षित झाले आहेत. देहान्तानंतर तथागत असतो की नसतो, या प्रश्नाचे उत्तर बुद्धाने दिले नव्हते.

जाणाराच जर नाही, तर हे शिष्य कोणासाठी रडतात, असा आक्षेप कोणीही घेईल, आणि माझ्या मते नागार्जुनावरचा हाच सर्वांत वजनदार आक्षेप होय. तो नागार्जुनाला ठाऊक होता. म्हणूनच त्याने परमार्थसत्याबरोबर लोकव्यवहाराचे संवृतिसत्य मानले, आणि व्यवहाराचा आश्रय घेतल्यावाचून परमार्थाचा उपदेशच संभवत नाही, असे निक्षून सांगितले. व्यवहारात आजोबा खरोखरच जातात, घर खरोखरच रिते होते, आणि ते दुःख कोणत्याही तर्काने खोटे ठरत नाही. तर्क एवढेच दाखवितो की, गेलेला माणूस त्याच्या चालण्या-बोलण्याहून, त्याच्या नात्यागोत्यांहून अलग असा कधीच नव्हता, म्हणून तर त्याचे जाणे इतक्या जणांना लागते. तळाशी बसलेल्यांचा शोक अज्ञान समजून वगळावा, असे त्या शिल्पकाराला वाटले नाही. नागार्जुनाचा युक्तिवाद पुरता पत्करल्यावर मलाही तसे वाटत नाही.